‘चालतंय ना?’ या प्रश्नाविरुद्ध

मुद्दा आधीच सांगून टाकतो. आपल्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात ‘चालतंय ना? मग सोड की!’ हे वाक्य अनुभवी माणसाचं शहाणपण समजलं जातं. मला ते आळसाचं वाटतं, आणि काही वेळा अप्रामाणिकपणाचंही. माझं हे मत ऑफिसात बनलेलं नाही. स्वतःच्या हौसेसाठी लिहिलेल्या एका छोट्या गेममध्ये तीन मिनिटांचा व्हिडिओ नीट चालवायला मला चार महिन्यांचे शनिवार-रविवार लागले, त्यातून ते बनलं आहे.

‘तीन मिनिटांच्या व्हिडिओला चार महिने?’ असं विचारून हसणाऱ्यांसाठीच हा लेख आहे.

गेम साधा आहे. तुम्ही एका टुरिंग टॉकीजचे ऑपरेटर. जत्रेत तंबू लागलाय, ट्रकच्या हौद्यात प्रोजेक्टर आहे, बाहेर लोक खोळंबलेत आणि आत काहीतरी बिघडतं. रीळ तुटतं, कार्बन संपत येतो, जनरेटर आचके देतो. तुम्ही दुरुस्त करायचं आणि खेळ चालू ठेवायचा. कल्पना माझी नाही. आईच्या काकांची, म्हणजे आमच्या तात्यांची आहे. तात्या तरुणपणी साताऱ्याकडच्या जत्रांमध्ये अशाच एका तंबूत ऑपरेटर होते. महाराष्ट्रातल्या या फिरत्या सिनेमावर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नावाचा माहितीपट २०१६ साली आला. तो पाहिला त्या आठवड्यात मी गावी गेलो आणि तात्यांना ओट्यावर बसवून मोबाइलवर बोलतं केलं. त्यातली तीन मिनिटं गेमच्या सुरुवातीला दाखवायची, एवढंच मला करायचं होतं.

गेम मी तयार इंजिन न घेता सी प्लस प्लसमध्ये लिहितोय. खिडकी, चित्र आणि आवाजासाठी एसडीएल, व्हिडिओ उलगडण्यासाठी एफएफएमपेग. हे ऐकल्यावर दहातले नऊ मित्र म्हणतात, ‘चाक पुन्हा कशाला शोधतोस?’ या प्रश्नाकडे मी येणार आहे. आधी काय काय बिघडलं ते सांगतो, कारण माझा सगळा युक्तिवाद त्या तपशिलातच आहे.

* * *

पहिल्यांदा व्हिडिओ ‘चालला’ तेव्हा तात्या तिरके होते. अख्खं चित्र वाऱ्यात कलल्यासारखं तिरपं, रेघारेघांनी फाटलेलं. व्हिडिओची रुंदी ८५४ पिक्सेल होती. मी गृहीत धरलं की मेमरीत एक ओळ संपली की लगेच दुसरी सुरू होते. तसं नसतं. प्रोसेसरला ठरावीक मापाचे तुकडे एकदम उचलायला सोपे जातात, म्हणून डीकोडर प्रत्येक ओळीच्या शेवटी थोडी रिकामी जागा सोडतो. माझ्याकडे ओळ ८५४ बाइटची होती, पण पुढची ओळ ८९६ बाइटांवर सुरू होत होती. दर ओळीला ४२ बाइटांची चूक. अशा ४८० ओळी एकाखाली एक ठेवल्या की चित्र तिरपं दिसणारच.

एका मित्राने उपाय सुचवला: ‘रुंदी ८९६ कर, सरळ होईल.’ झालंही असतं. चित्राच्या उजव्या कडेला कचऱ्याचा पट्टा दिसला असता, तो कापला की काम फत्ते. आणि दुसरा व्हिडिओ घातल्याबरोबर पुन्हा तिरपं.

मग रंग. तात्यांचा चेहरा धुवट, राखाडी. काळा कोट करडा. व्हिडिओत चित्र आपल्या ओळखीच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत साठवलेलं नसतंच. उजेड वेगळा आणि रंग वेगळे, अशी साठवण असते. ही रीत रंगीत टीव्ही आला तेव्हाची आहे. घरोघरच्या कृष्णधवल संचांनाही तेच प्रक्षेपण दिसायला हवं होतं, म्हणून उजेडाचा संदेश तसाच ठेवून रंगाचा संदेश त्याला बाजूने जोडला. माणसाच्या डोळ्याला उजेडातले बारकावे जास्त कळतात, रंगातले कमी. म्हणून आजही बहुतेक व्हिडिओत चार पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद असते. त्यात भर अशी की उजेडाचे आकडे सहसा ० ते २५५ असे नसतात. काळा १६ ला असतो आणि पांढरा २३५ ला; वरखाली मोकळी जागा सोडलेली असते. मी १६ ला १६ च समजत होतो, म्हणून माझा काळा कधी काळा झालाच नाही. यावर सुचवला गेलेला उपाय: ‘ब्राइटनेस कमी कर, कॉन्ट्रास्ट वाढव.’

कारण कळल्यावर हे दोन्ही बिघाड दहा-दहा ओळींत मिटले. खरं दुखणं पुढे होतं.

* * *

आवाज आणि ओठ जुळेनात.

माझा कोड असा होता: व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा आहे, म्हणजे दर ३३ मिलिसेकंदांनी पुढची फ्रेम दाखवायची. आवाज त्याच्या वाटेने वाजतोच आहे. यात एक चूक कुणालाही दिसेल. एक हजाराला तीसने भागलं तर ३३ येत नाहीत, ३३.३३ येतात. प्रत्येक फ्रेम मिलिसेकंदाच्या एक तृतीयांशाने लवकर, म्हणजे एक टक्का लवकर. तीन मिनिटांत पावणेदोन सेकंदांच्या आसपास फरक. ही चूक मी सुधारली. सुरुवातीचं मिनिटभर नीट चाललं. चार मित्रांना दाखवलं, प्रत्येकाने पहिलं अर्धा-एक मिनिट पाहिलं आणि चौघे म्हणाले, ‘चालतंय की!’ मीही तसं मानून टाकलं.

दिवाळीत लॅपटॉप घेऊन गावी गेलो आणि तात्यांना दाखवलं. ते पूर्ण तीन मिनिटं बघत राहिले. तरुण माणसांपैकी कुणीही तसं पाहिलं नव्हतं. संपल्यावर म्हणाले, ‘लाइट गेल्यापासनं आवाज मागं ऱ्हायलाय रं. खालचा लूप मोठा झालाय जणू.’

लूप म्हणजे काय हे वाचकांपैकी फार थोड्यांना माहीत असेल, म्हणून सांगतो. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्र आणि त्याचा आवाज शेजारी शेजारी छापलेले नसतात. चित्राच्या खिडकीपाशी फिल्म झटक्या-झटक्याने, सेकंदाला २४ वेळा थांबत जाते. आवाज वाचायचा तर ती एकसारखी सरकायला हवी. दोन्ही गोष्टी एका जागी होणं शक्य नाही. म्हणून आवाज चित्राच्या सुमारे २० फ्रेम पुढे छापतात आणि खिडकीखाली फिल्मचा एक सैल झोल सोडतात. वर धक्के, खाली संथपणा, मध्ये हा लूप. तो मोठा पडला की आवाजाच्या ड्रमपाशी असायला हव्यात त्यापेक्षा जुन्या फ्रेम असतात आणि आवाज मागे पडतो. लहान पडला की आवाज आधी येतो. तात्यांनी कोड पाहिला नव्हता. पण चित्राचं घड्याळ आणि आवाजाचं घड्याळ वेगळं असतं, आणि त्यांना बांधून ठेवणं हे ऑपरेटरचं काम आहे, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. माझ्याकडे इंजिनिअरिंगची पदवी आहे आणि मला ते ठाऊक नव्हतं.

‘लाइट गेल्यापासनं’ या शब्दांत सगळं उत्तर होतं. चित्रीकरण चालू असताना ओट्यावरचा दिवा गेला होता. पंधरा सेकंदांनी मामेभावाने मोबाइलचा टॉर्च लावला. अंधार झाला की बरेच मोबाइल प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ उजेड पिऊ देतात आणि त्यासाठी फ्रेमची संख्या कमी करतात. माझ्या मोबाइलने त्या पंधरा सेकंदांत सेकंदाला ३० ऐवजी २४ फ्रेम घेतल्या होत्या. एकूण ३६०. मी त्या ३० च्या वेगाने दाखवत होतो, म्हणून पंधरा सेकंदांचं चित्र बारा सेकंदांत उरकत होतं. तिथून पुढे चित्र आवाजाच्या तीन सेकंद पुढे.

फाइल खोटं बोलत नव्हती. प्रत्येक फ्रेमसोबत तिच्यात लिहिलेलं होतं की ही फ्रेम अमुक क्षणी दाखवा. मी ते वाचतच नव्हतो. ‘३० फ्रेमचा व्हिडिओ’ या लेबलवर विश्वास ठेवून मी मोकळा झालो होतो.

योग्य रचना जुनीच आहे आणि बरेच प्लेअर ती पाळतात. आवाजाला मालक मानायचं. साउंड कार्डाने आत्तापर्यंत किती नमुने वाजवले, हेच घड्याळ. त्यातही बफरात पडून असलेले, अजून न वाजलेले नमुने वजा करायचे. ४८,००० च्या दराने ४,०९६ नमुन्यांचा बफर म्हणजे ८५ मिलिसेकंद झाले. मग प्रत्येक फ्रेमची लिहिलेली वेळ या घड्याळाशी ताडून पाहायची. वेळ आली नसेल तर थांबायचं, उलटून गेली असेल तर फ्रेम टाकून द्यायची. आवाजाला मालकी एवढ्यासाठी की चित्र क्षणभर थांबलेलं डोळा खपवून घेतो, पण आवाजात खंड पडला की कान लगेच पकडतो.

दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, म्हणजे आयटीयूची याबद्दल शिफारस आहे. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला तर प्रेक्षकाला कळू लागतं. मागे पडला तर १२५ पर्यंत कळत नाही. मागे पडलेला आवाज आपण जास्त खपवून घेतो, कारण जन्मभर तसंच ऐकत आलोय. आवाजाला ४० मीटर यायला सेकंदाचा आठवा भाग लागतो. तंबूच्या शेवटच्या रांगेत बसलेल्याला आवाज उशिराच पोचायचा. फिल्मची एक फ्रेम म्हणजे ४२ मिलिसेकंद, आणि तेवढ्या वेळात आवाज १४ मीटर जातो. तंबू लांब असेल तर तात्या लूप एखाद्या फ्रेमने आवळायचे. आकडे त्यांना माहीत नव्हते, कारण माहीत होतं.

* * *

आता आक्षेप घेऊ या. ते खोटे नाहीत, म्हणून एकेकाला उत्तर दिलं पाहिजे.

पहिला: ‘व्हिडिओ आधी कन्व्हर्ट का नाही केलास? एका आज्ञेचं काम.’ खरं आहे. फ्रेमचा वेग आधीच एकसारखा करून घेतला असता तर माझा चुकीचा कोडही बरोबर चालला असता. आणि मी कन्व्हर्ट केलं होतं, दोनदा. एकदा एमपी४ चा एमकेव्ही केला, एकदा उलट. काहीच फरक पडला नाही, कारण तो डबा बदलणं होतं, आतला माल आणि त्यावरच्या वेळा जशाच्या तशा होत्या. एमपी४ हा डबा आहे. आत एच.२६४ ने गुंडाळलेलं चित्र असतं, एएसीने गुंडाळलेला आवाज असतो आणि दोघांचं वेळापत्रक असतं. हे चार वर्षांच्या अभ्यासक्रमात मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नेमकं काय कन्व्हर्ट करायचं हे ठरवायला बिघाड कुठे आहे ते आधी कळावं लागतं. ते कळलं की एका आज्ञेचं काम, हे मान्य.

दुसरा: ‘एआयला विचारायचं.’ विचारलं. सात उपाय मिळाले. त्यांत एक बरोबर होता आणि सहा ठिगळं होती: आवाज अमुक इतका उशिरा सुरू करा, दर दहा सेकंदांनी एक फ्रेम गाळा, वगैरे. सगळ्यांची भाषा सारख्याच आत्मविश्वासाची. त्या सातांतला बरोबर कुठला हे ओळखायला जे ज्ञान लागतं, ते माझ्याकडे असतं तर विचारायची वेळच आली नसती. यंत्राने उत्तर दिलं हे बरंच झालं, पण निवड माझ्याच गळ्यात पडली. आणि ‘चालतंय ना?’ ही निवडीची कसोटी असेल तर सहातली दोन-तीन ठिगळंही पास झाली असती.

तिसरा आणि सगळ्यांत लाडका: ‘चाक पुन्हा कशाला शोधायचं?’ तर मी चाक शोधलेलं नाही. एच.२६४ चा डीकोडर मी लिहिला नाही, आणि हौसेखातर कुणी लिहायला हवा असंही माझं म्हणणं नाही. तो मी एफएफएमपेगकडून घेतला आणि त्या लोकांचा ऋणी आहे. मी चाक गाडीला बसवत होतो. आणि चाक बसवणाऱ्याला आख कसा असतो हे माहीत नको का? सगळंच कुणाला कळत नाही. सीमारेषा आखावी लागते. पण आपल्या गाडीत जे निखळलंय त्याच्या अलीकडे ती रेषा आखायची, हा सोयीचा शहाणपणा झाला.

चौथा आक्षेप ऑफिसातला आहे आणि तो मला सर्वांत जवळचा आहे, कारण सोमवार ते शुक्रवार मी तेच करतो. ‘वेळ कुणाकडे आहे?’ तिकीट येतं, घड्याळ सुरू होतं, रिस्टार्ट केल्यावर तक्रार थांबते, तिकीट बंद. कारणाच्या रकान्यात ‘तात्पुरती अडचण’. मी स्वतः हे शब्द इतक्या वेळा लिहिलेत की बोटांना पाठ झालेत. गिऱ्हाइकाचं काम अडलेलं असताना आधी गाडा चालू करावा, हे मी मान्य करतो. जत्रेत लोक शिट्ट्या मारत असताना तात्याही आधी रीळ चिकटवून खेळ सुरू करायचे. पण खेळ संपल्यावर ते प्रोजेक्टर उघडून बसायचे. आमचा खेळ संपल्यावर आम्ही पुढचं तिकीट उघडतो. तात्पुरत्या इलाजाला माझी हरकत नाही. तो केल्यावर प्रश्न सुटल्याची नोंद करणं खोटं आहे, आणि अप्रामाणिकपणा म्हणतो तो याला.

रिस्टार्टने भागतं हे पुरेसं का नाही, याचं एक उदाहरण जगाला माहीत आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियात धाहरानला अमेरिकेची पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा येणाऱ्या स्कडचा माग ठेवू शकली नाही. २८ सैनिक मेले. यंत्रणा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजत होती आणि एक दशांश ही संख्या द्विमान पद्धतीत पूर्ण लिहिता येत नाही. २४ बिटांत कापून लिहिली की प्रत्येक टिकटिकीला इवलीशी चूक. यंत्रणा १०० तास सलग चालली तेव्हा ती चूक सेकंदाच्या तिसऱ्या भागाएवढी झाली होती. तेवढ्यात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त जातं. माझ्या ३३ आणि ३३.३३ चाच हा मोठा भाऊ. घड्याळ सरकतंय हे इस्रायलकडून आलेल्या माहितीमुळे दोन आठवडे आधी कळलं होतं. ‘फार जास्त वेळ’ चालवू नका अशी सूचनाही गेली होती. फार जास्त म्हणजे किती, हे तिच्यात नव्हतं. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर धाहरानला पोचलं ते दुसऱ्या दिवशी, २६ तारखेला.

माझ्या गेममुळे कुणी मरणार नाही. पण आम्ही जे कोड दिवसा लिहितो त्यावर पगार होतात, औषधांच्या पावत्या निघतात, रेल्वेची आरक्षणं होतात. शनिवारची सवय आणि सोमवारची सवय एकाच माणसाची असते.

* * *

ही सवय आम्हाला लागली कुठे? माझ्या मते प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये. उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष. निष्कर्ष आधीच ठरलेला, मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवलेला. प्रोग्रॅमचं आउटपुट आलं की सर सही करणार. न आल्यास शेजारच्याचा प्रोग्रॅम घ्यायचा, आपलं नाव घालायचं आणि सही घ्यायची. चार वर्षांत शेकड्याने सह्या घेतल्या, पण ‘तुझं का चाललं नाही, ते लिहून आण, त्याला मार्क देतो’ असं म्हणणारा शिक्षक मला भेटला नाही. बिघाड हीच शिकायची जागा असते, आणि आमच्याकडे तीच लपवायची जागा होती. मग नोकरीत तिचं नाव ‘प्रॅक्टिकल अप्रोच’ पडतं, आणि परिषदांत तिचा ‘जुगाड’ म्हणून सत्कारही होतो.

जुगाडाबद्दल एकच सांगतो. तो करणाऱ्या गरजू माणसाबद्दल मला आदर आहे. पंपाच्या इंजिनावर गाडी ओढणाऱ्या शेतकऱ्याला दुसरा मार्ग नसतो, आणि आपण काय तडजोड केलीय हे त्याला पक्कं माहीत असतं. वातानुकूलित ऑफिसात, सगळी कागदपत्रं आणि सोर्स कोड एका क्लिकवर असताना, तडजोड कशाशी केली तेही न कळता केलेली ठिगळबाजी त्याच नावाने मिरवू नये.

* * *

कारण शोधण्याचा एक फायदा मला उशिरा कळला. प्रत्येक बिघाडाचं मूळ यंत्रात नसतं. काहींचं माणसांच्या कागदांत असतं.

गेम मित्रांना द्यायची वेळ आली तेव्हा प्रश्न पडला: व्हिडिओ कुठल्या कोडेकमध्ये द्यायचा? उत्तर तांत्रिक असेल असं वाटलं होतं. गोडो हे मुक्त गेम इंजिन घ्या. त्याच्या चौथ्या आवृत्तीत मूळ इंजिनात फक्त थिओरा चालतो. थिओरा ज्या व्हीपी३ वर उभा आहे, तो २००१ मध्ये खुला झालेला कोडेक. जगभरचे मोबाइल जे एच.२६४ रोज तयार करतात, ते मूळ इंजिनात नाही, आणि त्याचं कारण त्यांच्या दस्तऐवजात स्वच्छ लिहिलंय: पेटंट. २००७ मध्ये एचटीएमएल५ च्या मसुद्यात वेबसाठी सर्वांनी थिओरा वापरावा अशी शिफारस होती. ॲपल आणि नोकियाने विरोध केला, त्या वर्षीच्या डिसेंबरात ती काढली गेली, आणि व्हिडिओच्या टॅगला कोडेकचं नाव शेवटपर्यंत मिळालं नाही. २०१३ मध्ये सिस्कोने एच.२६४ चा सोर्स कोड खुला करायचं जाहीर केलं, आणि त्यांनी तयार केलेली फाइल वापरलीत तर पेटंटची फी तेच भरतील असंही. तोच कोड तुम्ही घरी कंपाइल केलात तर फीचं छत्र नाही. तीच ओळ, तेच गणित, फक्त कंपाइल कुणी केलं यावर ती कायदेशीर की नाही हे ठरणार!

लिनक्सवर विंडोजचे गेम चालवणाऱ्यांनी आणखी एक दृश्य पाहिलं असेल. कथेतला महत्त्वाचा व्हिडिओ यायच्या जागी टीव्हीवर पूर्वी दिसायचे तसे रंगीत पट्टे. बाकी अख्खा त्रिमिती गेम धावतोय आणि अडलंय ते साधा व्हिडिओ दाखवायला. तिथे प्रोसेसर कमी पडलेला नसतो. विंडोजमध्ये असलेला परवानाधारक डीकोडर तिकडे देता येत नाही, म्हणून पट्टे.

भारतात काय? आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(के) सांगतं की गणिती पद्धत, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणकीय प्रोग्रॅम हे शोध मानले जाणार नाहीत. पण ‘निव्वळ’ कशाला म्हणायचं यावर वकिलांचं दुकान चालतं. यंत्राच्या रूपात मांडलेली डीकोडिंगची रीत इथेही पेटंट होते. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने डीव्हीडी प्लेअरमधल्या डीकोडिंगच्या पेटंटवरून फिलिप्सच्या बाजूने आणि इथे प्लेअर जोडून विकणाऱ्यांच्या विरोधात निकाल दिला, तोही त्या पेटंटची मुदत २०१५ मध्ये संपून गेल्यावर.

पेटंट असावीत की नसावीत, हा वाद इथे उकरत नाही. मला एवढंच म्हणायचंय की ‘चालतंय ना?’ विचारणाऱ्याला या गोष्टी कधीच दिसत नाहीत. त्याला सगळे अडथळे सारखेच दिसतात, आभाळातून पडल्यासारखे. निसर्गाने घातलेला अडथळा, आपल्या चुकीने आलेला अडथळा आणि कुणीतरी फायद्यासाठी मुद्दाम ठेवलेला अडथळा यांतला फरक ज्याला कळत नाही, तो तिसऱ्या प्रकाराविरुद्ध तक्रार तरी कशी करणार? निमूटपणे कन्व्हर्ट करत राहणार. मी शेवटी थिओरातच व्हिडिओ दिला. फाइल फुगली, चित्र थोडं भुरकट झालं. ही तडजोड आहे, पण कशाशी केली ते मी सांगू शकतो.

* * *

संक्रांतीला पुन्हा गावी गेलो. तात्यांनी पुन्हा पूर्ण तीन मिनिटं पाहिलं. दिवा गेला, टॉर्च लागला, ओठ आणि आवाज बरोबर चालत राहिले. ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘काय झालतं?’

चार महिन्यांत हा प्रश्न मला विचारणारे ते पहिले. बाकी सगळ्यांनी ‘झालं का?’ विचारलं होतं. मी त्यांना अंधारातल्या फ्रेम, लिहिलेल्या वेळा, आवाजाचं घड्याळ असं सगळं सांगितलं. किती समजलं माहीत नाही. त्यांनी मध्येच दोन प्रश्न विचारले. त्यातला एक होता, ‘मंग आवाजच अडकला तर?’ घरी येऊन पाहिलं, तर त्या वेळी माझं चित्रही कायमचं थिजत होतं. तो नवा बग तात्यांच्या नावावर आहे.

माझी मागणी मोठी नाही. अभ्यासक्रम बदला, धोरण आणा असं म्हणायला माझ्याकडे अधिकार नाही. बग बंद करताना एक ओळ लिहा: कशामुळे झालं. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ लिहा, ‘तात्पुरती अडचण’ लिहू नका. पुढे येणाऱ्याला निदान खोटा पत्ता मिळणार नाही.

मी सुरुवात केलीय. गेमच्या फोल्डरमध्ये माहीत असलेल्या त्रुटींची यादी आहे. तिच्यात सध्या तीन नोंदी आहेत. व्हिडिओ मध्यावरून सुरू केला तर पहिले काही क्षण चित्रावर हिरवे चौकोन दिसतात, ही दुसरी. तिच्यापुढे लिहिलंय: चालतंय, पण कारण माहीत नाही.